वरणातलं मीठ

मार्च महिन्यातल्या एका मंगळवारी मी घरातलं वरण डब्यात घालून शाळेत नेलं. प्रयोगशाळेत त्याचे थेंब परीक्षानळीत घेतले आणि त्यात सिल्व्हर नायट्रेट टाकलं. नळीतलं पाणी गढुळलं. संध्याकाळी मी भावजयीला विचारलं, वरणात मीठ का घालतेस. अकराव्या दिवशी ती आणि भाऊ घर सोडून यशवंतपूरला गेले. नोव्हेंबरात अण्णा वारले.

अण्णा म्हणजे माझे वडील. आम्ही किती पिढ्यांपासून बेंगळुरात आहोत हे घरात कुणाला नीट सांगता येत नाही. अण्णा मात्र मॅट्रिकपर्यंत बेळगावला त्यांच्या मामांकडे राहून मराठी शाळेत शिकले होते. पुढची सगळी वर्षं ते एका कारखान्यात तपासनीस होते. तयार झालेला भाग मापात आहे की नाही हे पाहून बरोबरची किंवा फुलीची खूण करायची, एवढंच त्यांचं काम. घरीही त्यांची ती सवय गेली नाही. मी लहान असताना म्हटलं, ‘दूधवाला आज रागावलाय,’ की ते विचारत, ‘हे निरीक्षण की अनुमान?’ दूधवाल्यानं माप आपटलं हे निरीक्षण. रागावलाय हे अनुमान. हा फरक मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होता.

पुढे मी बसवनगुडीतल्या एका मुलींच्या हायस्कुलात विज्ञान शिकवू लागले. शिकवणं इंग्रजीतून. हायपॉथेसिस, कंट्रोल, व्हेरिएबल हे शब्द वर्षाच्या पहिल्या आठवड्यात फळ्यावर लिहायचे, मुलींनी ते वहीत उतरवायचे. संध्याकाळी चामराजपेटेतल्या घरी आले की अण्णा त्यांची मराठी नावं सांगत. गृहीतक, म्हणजे तपासून पाहण्यासाठी मांडलेला अंदाज. चल, म्हणजे प्रयोगात जे बदलतं ते. नियंत्रण, म्हणजे ज्यात आपण काहीच बदल करत नाही असा जोडीचा नमुना. त्याच्याशी ताडून पाहिल्याशिवाय कशाचंच काही सांगता येत नाही. मला ही मराठी नावं जास्त आवडत. इंग्रजी शब्द परीक्षेचे वाटत आणि हे घरातले.

मी लग्न केलं नाही. आई गेल्यावर स्वयंपाकघर मीच सांभाळलं, दहा वर्षं. मग धाकट्या भावाचं लग्न झालं. भावजय बेळगावजवळच्या एका खेड्यातली. हाताला चव होती, बोलण्यात ठसका होता. तिनं आल्या आल्या डब्यांच्या जागा बदलल्या. मला राग आला असं मी कधी म्हटलं नाही. शाळेचं काम वाढलंय, बरंच झालं, असं म्हटलं.

अण्णांचा रक्तदाब वाढलेला निघाला तेव्हा ते सत्तरीला आले होते. गल्लीच्या टोकाला दवाखाना असलेल्या डॉक्टरांनी मीठ बंद करायला सांगितलं. कमी नाही, बंद. भावजयीचा चेहरा उतरला.

‘आमच्यात सुतकात खातात अळणी,’ ती म्हणाली. ‘जित्या माणसाला रोज वाढायचं म्हणजे कसंसंच होतंय बघा, अक्का.’

‘औषध आहे असं समज.’

‘समजते की. पण पानात मीठसुद्धा वाढायचं नाही?’

आमच्याकडे पान वाढताना सगळ्यांत आधी मीठ वाढतात, ताटाच्या वरच्या कडेला मधोमध. मग लिंबू, चटणी, भाजी. मी तिला सांगितलं, अण्णांच्या पानात ती जागा रिकामी राहील. ती ‘सरी’ म्हणाली, म्हणजे ‘बरं’. बेंगळुरात येऊन तिनं उचललेला तो पहिला शब्द. माझ्याशी वाद संपवायचा असला की ती तोच वापरायची.

दोन महिने झाले. अण्णांचा रक्तदाब उतरेना. डॉक्टरांनी गोळी वाढवली, पुन्हा तपासलं, आणि पट्टा सोडवता सोडवता म्हणाले, ‘कुठून तरी मीठ पोटात जातंय. घरात नीट लक्ष द्या.’

हे वाक्य ऐकायला त्या दिवशी अण्णांबरोबर मीच होते. घरी येईपर्यंत त्या ‘कुठून तरी’ला एक चेहरा मिळाला होता.

त्यानंतर मी पाहू लागले. खरं तर पाहणं आधीही होतं, आता ते टिपून ठेवू लागले. अण्णांचं वरण ती वेगळ्या पातेल्यात काढायची, पण दोन्ही पातेल्यांत पळी एकच फिरायची. मी स्वयंपाकघरात शिरले की मिठाच्या बरणीचं झाकण लावल्याचा आवाज यायचा. एका सणाला अण्णा जेवताना ‘आज चव आहे,’ असं म्हणाले आणि ती खाली मान घालून हसली. पंधरा दिवस ती कुरकुरत होती की डाळ शिजत नाही, दोन-दोन तास चुलीवर ठेवावी लागते. मला वाटलं, मला स्वयंपाकघरापासून लांब ठेवायला काढलेलं हे निमित्त असावं. या सगळ्यांतलं निरीक्षण कुठे संपतं आणि अनुमान कुठे सुरू होतं हे मला सांगता आलं असतं. मी स्वतःला ते विचारलं नाही.

वरण चाखून का पाहिलं नाही, असं कुणीही विचारेल. चाखलं होतं. अळणीच लागलं. पण चिमूटभर मीठ जिभेला कळत नाही, आणि माझी जीभ तिच्याबद्दल निःपक्षपाती नव्हती हेही मला कळत होतं. म्हणून मला साधन हवं होतं. प्रयोगशाळेत तपकिरी बाटलीत सिल्व्हर नायट्रेट होतं. मीठ असलेल्या पाण्यात ते टाकलं की पांढरा साका धरतो. दहावीच्या मुलींना मी हे दर वर्षी करून दाखवत असे.

त्या मंगळवारी सकाळी भावजय न्हाणीघरात असताना मी अण्णांच्या पातेल्यातलं पळीभर वरण डब्यात घेतलं. दुपारच्या सुट्टीत ते शाळेतल्या ऊर्ध्वपातित पाण्यात पातळ केलं, गाळलं, नायट्रिक आम्लाचे दोन थेंब घातले, सगळं पुस्तकात आहे तसं. मी दुसरी नळीही घेतली होती. तीत नुसतं ऊर्ध्वपातित पाणी. ते माझं नियंत्रण. दोन्हींत सिल्व्हर नायट्रेट टाकलं. पाण्याची नळी स्वच्छ राहिली. वरणाची पांढुरकी झाली. मी बुधवारी आणि गुरुवारी पुन्हा करायचं ठरवलं होतं, कारण एकदा मिळालेल्या निकालावर निष्कर्ष काढू नये असं मीच शिकवत असे. पण मंगळवारी संध्याकाळीच माझ्याच्यानं राहवलं नाही.

भाऊ कामावरून आला होता. अण्णा खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसले होते. भावजय शेंगा सोलत होती.

‘वरणात मीठ का घालतेस?’

तिनं वर पाहिलं. ‘कोण घालतंय?’

‘मी तपासलंय.’

‘काय तपासलंय?’

मी सांगितलं. ती माझ्या हाताकडे बघत होती. सिल्व्हर नायट्रेटचा थेंब बोटावर पडला होता आणि तिथली कातडी काळी पडली होती.

‘सकाळी वरण तुम्ही नेलं होय?’ ती म्हणाली. ‘मला वाटलं मांजर आलं. खिडकी लावून घेतली मी.’

भाऊ म्हणाला, ‘अक्का, तू चोरून नेलंस?’

‘चोरून नाही. नमुना म्हणून नेलं.’

‘मी घातलं नाही मीठ,’ भावजय म्हणाली. ‘देवाशप्पथ. मामंजींनाच विचारा. त्यांना चव कळत नाही काय?’

सगळ्यांनी अण्णांकडे पाहिलं. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मला वाटलं ते विचारतील, किती वेळा केलंस, कशाशी ताडलंस. मी उत्तरं तयार ठेवली होती. ते काहीच बोलले नाहीत. उठले, चप्पल घातली आणि रोजच्या फेरफटक्याला गेले. त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ मी माझ्या सोयीचा लावला. भावजयीनंही लावला असावा, कारण शेंगांचं सूप तसंच ठेवून ती आत गेली आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलली नाही.

बुधवारी आणि गुरुवारी मी चाचणी पुन्हा केली. तिन्ही वेळा निकाल तोच. मी तो एका कागदावर लिहून भावासमोर ठेवला. त्यानं वाचला आणि म्हणाला, ‘तू हिला वर्गातली मुलगी समजतेस काय?’ त्याचं काम यशवंतपूरला एका मशीनच्या कारखान्यात होतं, तिकडे खोली घ्यायची असं तो अधूनमधून म्हणायचाच. आता त्यानं घेतली. निघताना भावजय अण्णांच्या पाया पडली. माझ्याजवळ येऊन म्हणाली, ‘डाळ भिजत घालून ठेवलीय.’ एवढंच.

एप्रिलपासून अण्णांचा स्वयंपाक मी करू लागले. मिठाची बरणी मी कपाटात ठेवली आणि किल्ली कमरेला लावली. महिन्यानं आम्ही डॉक्टरांकडे गेलो. रक्तदाब तसाच. उलट दोन आकडे वर.

माझा पहिला विचार असा, की डॉक्टरांचं यंत्र बिघडलंय. दुसरा, भाऊ अण्णांना परस्पर भेटून घरचा डबा देत असेल. तिसरा विचार येईपर्यंत मे महिना उजाडला. डाळ शिजत नव्हती. दोन तास झाले तरी दाणा दाताखाली येत होता. पलीकडच्या घरातल्या अक्का भिंतीवरून म्हणाल्या, ‘बोअरच्या पाण्यात डाळ कशी शिजेल? कावेरीचं घ्या.’ उन्हाळ्यात कावेरीचं पाणी एक दिवसाआड येई. ते आम्ही पिण्यासाठी हंड्यात भरून ठेवत असू. बाकी सगळं घरमालकानं अंगणात मारलेल्या बोअरवर चाले, स्वयंपाकसुद्धा.

शाळेला सुट्टी लागली होती, पण कचेरी उघडी होती. मी स्वतः केलेलं वरण आणि औषधाच्या धुतलेल्या बाटलीत बोअरच्या नळाचं पाणी घेऊन गेले. शिपाई म्हणाला, ‘टीचर, सुट्टीतही काम?’ मी ‘स्वल्प’ म्हटलं आणि प्रयोगशाळा उघडून घेतली.

माझं वरण पांढुरकं झालं. त्यात मीठ नव्हतं हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मग नुसतं नळाचं पाणी घेतलं. तेही पांढुरकं झालं. तितकंच. जमिनीतल्या पाण्यात क्षार असतात, त्यांनाही सिल्व्हर नायट्रेट तसंच उत्तर देतं. शेवटी मी एका नळीत चिमूटभर मीठ विरघळवून पाहिलं. त्यात दह्यासारखा दाट साका झाला आणि खाली बसला. मार्चमध्ये मी जे पाहिलं होतं ते धुकं होतं, साका नव्हता. कागदावर मी ‘पांढरा अवक्षेप’, म्हणजे साका, एवढंच लिहिलं होतं.

नियंत्रण म्हणून मी शाळेचं पाणी घेतलं होतं. आमच्या घरात त्या पाण्यात कुणी डाळ शिजवत नाही. आणि तीच चूक मी तीन दिवस सारखी केल्यामुळे निकालही तीन दिवस सारखा आला होता.

यशवंतपूरला त्याच दिवशी जायला हवं होतं. बस घराजवळून सुटते. मी गेले नाही. मी स्वतःशी असा युक्तिवाद केला, की वरण पांढुरकं झालं ते पाण्यामुळे, हे सिद्ध झालं. पण तिनं मीठ घातलंच नाही, हे कुठे सिद्ध झालं? माझा प्रयोग दोन्ही बाजूंनी निरुपयोगी होता. तेव्हा संशयाला जागा आहे. शास्त्राच्या शब्दांत सांगितलं की हे फार प्रामाणिक वाटायचं. जून गेला, जुलै गेला. भाऊ रविवारी येऊन अण्णांना भेटून जायचा, एकटाच. अण्णा दर वेळी त्याला विचारत, ‘ती कधी येणार?’ तो माझ्याकडे न बघता म्हणे, ‘येईल.’

ऑगस्टमध्ये अण्णांच्या उजव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. पेन धरता येईना. तेव्हा मी घाबरले आणि त्यांना सगळं सांगितलं: बोअरचं पाणी, शाळेचं पाणी, तिन्ही नळ्या. ते डोळे मिटून ऐकत होते. झाल्यावर म्हणाले, ‘खारा बन.’

‘काय?’

‘देवळाजवळची बेकरी. संध्याकाळी फिरायला जातो ना, तेव्हा एक खारा बन खातो. मिरची, कोथिंबीर घातलेला असतो. बरा असतो.’

‘रोज?’

‘रविवारी बंद असते.’

‘कधीपासून?’

‘मीठ बंद केलंत तेव्हापासून.’

मग विचारलं, ‘त्या दिवशी ती शपथ घेत होती, अण्णा. तुम्ही समोर बसला होतात.’

‘तू इतक्या खात्रीनं सांगत होतीस,’ ते म्हणाले. ‘पुढे तीन-तीन दिवस तोच निकाल. मला वाटलं, असेल. ती थोडं घालत असेल, मी थोडं खात असेन. मग वाटलं, वरणाचंच निघालं तर बन तरी सुटणार नाही.’ मग म्हणाले, ‘ती घर सोडून जाईल असं नव्हतं वाटलं.’

ज्यांनी मला निरीक्षण आणि अनुमान वेगळं करायला शिकवलं, ते हे बोलत होते. मी त्यांच्यावर रागावले नाही, असं लिहिणं खोटं ठरेल. दुसऱ्या दिवशी मी त्या बेकरीत जाऊन विचारलं. बेकरीवाल्यानं मान हलवली. ‘स्वल्पच खातात, अक्का. कधी अर्धा ठेवून देतात.’ त्याचं तरी खरं मानायचं का, हा विचार माझ्या मनात आलाच. अण्णा सुनेला वाचवायला बनाची गोष्ट रचत असतील, बेकरीवाल्याला तसं सांगून ठेवलं असेल, असंही मला घटकाभर वाटलं. पुढचे चार दिवस संध्याकाळी मी देवळाच्या बाजूला उभी राहून पाहिलं. तीन दिवस अण्णा तिकडे फिरकले नाहीत. चौथ्या दिवशी ते सवयीनं बेकरीसमोर थांबले, उभे राहिले, आणि काही न घेता परतले. मी झाडामागे सरकले. बहुधा त्यांनी मला पाहिलं होतं.

पाचव्या दिवशी मी यशवंतपूरची बस पकडली.

भावजयीनं दार उघडलं. एका खोलीचा संसार, ओट्यावर स्टोव्ह, खिडकीतून मालगाड्यांचा आवाज. तिनं पाणी दिलं, बसायला सांगितलं नाही. मी उभ्यानंच सांगितलं. पाण्याचं सांगितलं, बनाचं सांगितलं, चूक माझी होती असं म्हटलं. ती पदराला हात पुसत ऐकत होती.

‘पाण्यामुळं झालं म्हणता.’

‘हो.’

‘आणि मी सांगत होते त्यानं नाही पटलं तुम्हाला. पाण्यानं सांगितल्यावर पटलं.’

मी पाण्याचा पेला ओट्यावर ठेवला.

‘एक सांगते,’ ती म्हणाली. ‘संक्रांतीला घातलं होतं मी. चिमूटभर. सणाला अळणी वाढायला हात होईना. मामंजी म्हणाले, चव आहे. तेवढं एकदा.’ तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. ‘आता लिहून ठेवा ते पण.’

‘अण्णांना भेटायला चल,’ मी म्हटलं. ‘ते विचारतात.’

‘येते की. त्यांच्यासाठी येते. राहायला नाही.’

त्यानंतर ती दर रविवारी भावाबरोबर येऊ लागली. अण्णांसाठी वरण-भात आणि भाजी घरून करून आणायची, अळणी. पहिल्या रविवारी मी पान मांडलं. तिनं डबा उघडला, वाटीत थोडं वरण काढलं आणि वाटी माझ्यापुढे केली.

‘आधी तुम्ही चाखा, अक्का.’

‘अगं, असं काय करतेस?’

‘चाखा. मग वाढते त्यांना.’

अण्णा खुर्चीतून बघत होते. मी चाखलं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मी गिळेपर्यंत. मग तिनं अण्णांचं पान वाढलं. पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्याही. एकदा भाऊ म्हणाला, ‘बास कर आता.’ ती म्हणाली, ‘तुम्ही गप्प बसा. आमचं दोघींचं चाललंय.’ अण्णांना हसू आलं. त्यांचं हसणं तेव्हा एका बाजूला कललेलं असे.

रक्तदाब सप्टेंबरात थोडा उतरला. कशानं, ते मला सांगता येणार नाही. बन सुटला होता, गोळी बदलली होती, ती येऊ लागली होती, पावसानं कावेरीचं पाणी रोज येत होतं. एका वेळी एकच चल बदलावा, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळत नाही. त्या महिन्यात सगळेच बदलले होते. नोव्हेंबरात एका सकाळी अण्णांना झटका आला आणि दवाखान्यात नेईपर्यंत ते गेले. डॉक्टर म्हणाले, हे कधी ना कधी होणारच होतं. हे त्यांचं निरीक्षण होतं की मला दिलेला धीर, हे मी विचारलं नाही. मार्च ते ऑगस्ट ते माझ्या हातचं, तिच्याशिवाय जेवले. त्या पाच महिन्यांनी काही बिघडलं का, याचा कुठलाच प्रयोग नाही.

चामराजपेटेतल्या घरात आता मी एकटी राहते. भाऊ आणि भावजय यशवंतपूरलाच आहेत. ती दिवाळीला फराळ घेऊन येते, डबा उघडते आणि पहिला घास माझ्या हातावर ठेवते. मी तो खाऊन होईपर्यंत ती उभी असते.